उलटा हत्ती

शेवटच्या फेरीच्या जोड्यांचा कागद फळ्यावर लागला आणि त्यापुढे जमलेल्या बायकांमध्ये खसखस पिकली. तिसऱ्या पटावर दोन्ही बाजूंना आडनाव एकच होतं. "घरातलं भांडण घरात मिटवायचं की हो," कोणीतरी म्हणालं. धाकटीने टाचा उंचावून कागद वाचला, खात्रीसाठी पुन्हा वाचला, आणि पर्स खांद्यावर नीट अडकवून ती बाजूला झाली. तिला हसू आलं नाही.

त्या दोघी सख्ख्या जावा. बाहेर त्यांना आपापली नावं होती, पण घरात थोरली आणि धाकटी एवढ्यावरच भागायचं. शहराच्या संघातल्या बायकांच्या तीन जागा ठरल्यात जमा होत्या, चौथी उरली होती, आणि ती आता या दोघींपैकी एकीला मिळणार होती. थोरलीचा अर्धा गुण जास्त होता, म्हणजे तिला बरोबरी चालणार होती. धाकटीला जिंकायलाच हवं होतं, आणि वाट्याला आली होती काळी मोहरी, म्हणजे पहिली चालसुद्धा समोरचीची.

"बिचारीला काळी आली," म्हणून दोघीतिघींनी हळहळ व्यक्त केली. ती हळहळ वाया गेली म्हणायची. लग्न होऊन या घरात आल्यापासून धाकटी घरी काळीच खेळत आली होती. पट थोरलीचा, म्हणून पांढरी थोरलीची, हे पहिल्या दिवशी ठरलं आणि मग ते बदलायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. थोरलीने पांढरी मोहरी आपल्याकडे ओढून घ्यावी आणि धाकटीने काळी लावावी, हे घरात दार लावून घेण्याइतकं सवयीचं झालं होतं.

खरी सल वेगळीच होती. एवढ्या वर्षांत धाकटीने थोरलीला एकदाही हरवलं नव्हतं. बरोबऱ्या झाल्या, आणि त्याही पुष्कळ झाल्या. पण जिंकायची वेळ आली की काहीतरी होई आणि डाव निसटे. मग थोरली मोहरी डब्यात भरता भरता म्हणे, "छान खेळलीस हं." थोरली गाडी चालवायला शिकवायची. एखाद्या शिकाऊ बाईने फाटकाला न धडकता गाडी मागे घेतली की ती ज्या आवाजात शाबासकी देई, तोच हा आवाज. तो ऐकला की धाकटीच्या अंगाचा तिळपापड होई, आणि चेहऱ्यावर मात्र ती हसू ठेवून असे. शिकवणाऱ्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. थोरली बुद्धिबळही तसंच खेळायची. समोरच्याने जरा वेग घेतला की हिचा पाय ब्रेकवर.

"कोणी का जिंकेना, जागा आपल्या घरातच राहणार," सासूबाई सकाळपासून प्रत्येकाला सांगत होत्या. त्यांच्या दृष्टीने मामला मिटलेला होता. दोन्ही मुलगेही आईची री ओढत होते, कारण आपल्या बायकोची बाजू घेतली तर भावाशी वाकडं, आणि घेतली नाही तर घरी गेल्यावर वाकडं. ते आपले दारापाशी उभे होते, बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नसलेली माणसं जशी उभी राहतात तसे.

धाकटीला ती जागा घरात नको होती. तिला ती स्वतःला हवी होती. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर घरात लगेच समजूत काढणं सुरू झालं असतं.

सामने वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होते. लांबट खोली, डोक्यावर पंखे, ओळीने टेबलं आणि प्रत्येक टेबलावर पट आणि घड्याळ. पंच म्हणजे एक किडकिडीत गृहस्थ. त्यांच्या बुटांचा आवाज होत नसे, त्यामुळे ते केव्हा पाठीमागे येऊन उभे राहिले ते कळत नसे. त्यांनी सुरुवात करा म्हणून सांगितलं. थोरलीने धाकटीशी हात मिळवला, हात हलकेच दाबला, आणि कुजबुजली, "टेन्शन घेऊ नकोस गं."

"नाही घेत, ताई," धाकटी म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

डाव थोरलीला हवा तसा सुरू झाला. ती मोहऱ्यांची मारामारी करून पट मोकळा करत गेली. घोड्याला घोडा गेला, उंटाला उंट गेला. पटावर जितकी मोहरी कमी तितकी बरोबरी जवळ, हा सरळ हिशोब. थोड्याच वेळात वजिराला वजीरही गेला. थोरलीने काळा वजीर उचलला आणि नेहमीसारखा डाव्या मुठीत धरला.

ही तिची फार जुनी खोड. मारलेलं मोहरं ती लगेच टेबलावर ठेवायची नाही, मुठीत घेऊन अंगठ्याने कुरवाळत बसायची, त्यातही वजीर असेल तर सोडायचीच नाही. गाडी शिकवताना दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, त्यामुळे असेल, पण तिच्या हाताला सतत काहीतरी धरायला लागे. घरी या खोडीवर तोडही निघाली होती. प्यादं शेवटच्या घरापर्यंत पोचलं की त्याचा वजीर होतो. आता वजीर थोरलीच्या मुठीत. तो मागायचा, तिने "अगंबाई!" म्हणायचं, यात डावाची मजा जायची. म्हणून बाजूला पडलेला एखादा हत्ती उलटा करून त्या घरात ठेवायचा. उलटा हत्ती म्हणजे वजीर. धाकटी बुद्धिबळ शिकली तीच या रिवाजासकट, आणि बाहेरही लोक असंच करतात अशी तिची समजूत होती. आजवरच्या सामन्यांत तिच्यावर तशी वेळच आली नव्हती.

मोहरी बरीच कमी झाल्यावर थोरलीने चाल केली आणि हळूच म्हटलं, "बरोबरी?"

तिचा आवाज गोड होता. नेमकं त्यामुळेच धाकटीच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. बरोबरी म्हणजे थोरली संघात आणि धाकटी घरी, आणि हे थोरलीला चांगलंच ठाऊक होतं.

"खेळू या," धाकटी म्हणाली.

थोरलीने भुवया किंचित वर केल्या. तिच्या बाजूने पाहिलं तर यात काही चूक नव्हतं. पट जवळजवळ सारखा होता. काळ्याकडे एकच गोष्ट बरी होती: डाव्या कडेला दोन प्यादी शेजारी शेजारी, आणि त्यांच्या वाटेत पांढरं प्यादं एकही नाही. एवढ्याशा भांडवलावर डाव जिंकायचा म्हणजे वेळ खाणारं काम.

वेळ खाणारं काम धाकटीला नवीन नव्हतं. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. कवळी बसत नाही म्हणून परत आली की ती घ्यायची, कुठे लागतं ते पाहायचं, तिथे केसभर घासायचं, पुन्हा लावून बघायचं. जास्त घासलं की सगळंच वाया. बाकीच्या मुली वैतागून जात. धाकटी मात्र दात ओठ खाऊन बसायची, आणि कवळ्यांच्या कारखान्यात ही दात ओठ खाते म्हणून रोज कोणीतरी हसायचं.

तशीच ती आता बसली. एक प्यादं एक घर पुढे. राजा एक घर पुढे. थोरलीने वाट अडवली की बाजूने फिरायचं. मध्येच तिने घाई केली, हत्ती चुकीच्या घरात नेला, आणि एक उंट फुकट जायची वेळ आली. हत्ती हातातून सुटल्यासुटल्या ते तिच्या लक्षात आलं. थोरलीने पटाकडे बराच वेळ पाहिलं. मग तिने सावध चाल केली, तिच्या स्वभावाला धरून, आणि ती संधी तिच्या हातून गेली. धाकटीने श्वास सोडला. त्यानंतर प्रत्येक चालीआधी तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले, आणि चाल नक्की झाल्यावरच एक बाहेर काढला.

हत्तींची मारामारी झाली, उरलेली मोहरीही गेली. आता पटावर दोन राजे, थोरलीचा एक उंट, आणि धाकटीची ती दोन प्यादी. उंट एका प्याद्यावर नजर ठेवायचा तर दुसरं पुढे सरकायचं. थोरलीचा राजा धावत आला, पण उशिरा आला. पुढचं प्यादं शेवटच्या घराच्या तोंडाशी पोचलं. आजूबाजूचे डाव संपले होते. मोकळ्या झालेल्या बायका खुर्च्या न वाजवता या टेबलाभोवती गोळा झाल्या. सासूबाई मागच्या रांगेत मांडीवर पिशवी धरून बसल्या होत्या. त्यांना पट कळत नव्हता, पण सुनांचे चेहरे कळत होते, आणि त्यांनी पिशवीचे बंद घट्ट पकडले.

धाकटीच्या घड्याळात मोजकी मिनिटं उरली होती. तिने प्यादं उचललं आणि मेलेल्या काळ्या मोहऱ्यांकडे हात नेला. घोडे होते, उंट होते, प्यादी होती. वजीर नव्हता. तिने दोन मोहरी बाजूला सारून पाहिलं. नव्हताच. घड्याळ चालू होतं. मग तिच्या हाताने तेच केलं जे तो इतकी वर्षं करत आला होता: काळा हत्ती घेतला, उलटा केला, शेवटच्या घरात ठेवला, आणि घड्याळाची कळ दाबली.

पंच कुठूनतरी उगवले. त्यांनी घड्याळ थांबवलं.

"हत्ती केलात?" त्यांनी विचारलं.

"वजीर," धाकटी म्हणाली. "उलटा आहे ना."

"उलटा असो की सुलटा, हत्ती तो हत्तीच. असा नियम आहे. वजीर मिळत नव्हता तर घड्याळ थांबवून मला हाक मारायची. आता चाल झाली." असं म्हणत त्यांनी हत्ती उचलून सरळ उभा केला. त्यांनी ते हळुवारपणे केलं, म्हणून धाकटीला ते जास्तच लागलं.

भोवतीच्या बायकांत कुजबुज झाली. कोणीतरी चुकचुकलं. धाकटीचे कान तापले. वजीर झाला असता तर पुढचं काम कोणीही केलं असतं. हत्तीचं तसं नव्हतं. तो तिरका जात नाही, आणि समोर उंट होता तो नेमका तिरकाच पळणारा.

"पण काळा वजीर आहे कुठे?" पंचांनी टेबलाखाली वाकून पाहिलं.

थोरलीने डावा हात टेबलावर आणला आणि मूठ उघडली. तळहातावर वजीर होता, घामाने ओला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"साहेब, चूक माझी आहे," ती म्हणाली. "तिला वजीर द्या."

"तसं देता येत नाही. तिने हत्ती ठेवलाय. मोहरं तुमच्या हातात राहिलं म्हणून मी तिचा वेळ वाढवून देतो, त्यापलीकडे माझ्याही हातात काही नाही." त्यांनी वजीर घेतला आणि टेबलाच्या कडेला, दोघींना दिसेल असा, उभा करून ठेवला. घड्याळात धाकटीची मिनिटं वाढवली.

थोरली पटाकडे बघत बसली होती. मग तिचा उजवा हात आपल्या राजाकडे गेला. राजा आडवा केला की डाव सोडला, संपलं. "जाऊ दे गं," ती पुटपुटली. "मी सोडते. लोक काय म्हणतील?"

"राजाला हात लावू नका, ताई."

आवाज धाकटीचाच होता, पण घरात तो कोणी ऐकला नव्हता. मागे सासूबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. थोरलीचा हात अधांतरी थांबला.

"हत्ती तर हत्ती," धाकटी म्हणाली. "मला दिलेला डाव नकोय. तुमची चाल आहे. खेळा."

पंचांनी दोघींकडे पाहिलं, बोलू नका अशी खूण केली, आणि घड्याळ सुरू केलं.

त्यानंतर थोरली खरोखर खेळली. तेवढ्या वेळात ती जितकी चांगली खेळली तितकी चांगली घरच्या पटावर ती कधीच खेळली नसेल. उंट एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पळवत ठेवला. राजा उरलेल्या प्याद्याच्या वाटेत आणून बसवला. हत्तीने एक वाट बंद केली की तिने दुसरी शोधली. धाकटीने शह दिला, राजा हलला, आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसला. दर खेपेला हत्ती वेगळ्या बाजूने आला, तरी तेच झालं. बघणाऱ्यांपैकी काहीजणी कंटाळून खाली निघून गेल्या. एकीने तर पायऱ्यांवर सांगूनही टाकलं, की बरोबरी झाली.

धाकटीने हात मांडीखाली दाबले. कुठे लागतंय ते पाहायचं. तिने पट पुन्हा पहिल्यापासून पाहिला, कारखान्यात परत आलेली कवळी पाहते तसा. राजा हटत नाही, कारण उंट त्याला राखतोय. उंट हाती लागत नाही, कारण राजा त्याच्याजवळ आहे. दोघांना एकाच वेळी हटवता येणार नव्हतं. पण थोरलीवर चाल करण्याची पाळी तर येणारच होती. हत्तीने नुसती एक मोकळी चाल केली, काही न करणारी, तर थोरलीलाच काहीतरी मोडावं लागणार होतं.

तिने हत्ती एक घर बाजूला सरकवला. कोणावर हल्ला नाही, शह नाही. बघणाऱ्यांना वाटलं, हिचं डोकं थकलं.

थोरलीला कळलं. तिने तोंडावर हात ठेवला आणि खूप वेळ तो काढलाच नाही. या खेळात पाळी आली की चाल करावीच लागते, जागच्या जागी ब्रेक दाबून बसता येत नाही. तिचं घड्याळ खाली येत राहिलं. शेवटी तिने उंट हलवला, कारण हलवायला दुसरं काही नव्हतं, आणि हत्ती आत शिरला. शह. राजाला वाट सोडावी लागली. प्यादं एक घर पुढे सरकलं. पुन्हा शह, पुन्हा एक घर. आता त्याच्या आणि शेवटच्या घराच्या मध्ये काहीच उरलं नव्हतं.

धाकटीची चाल होती. तिने प्याद्याला हात लावायच्या आधीच थोरलीने टेबलाच्या कडेचा काळा वजीर उचलला आणि त्या शेवटच्या घराशेजारी, पटाच्या काठावर, धाकटीच्या हाताशी उभा केला. मग आपला राजा आडवा केला आणि हात पुढे केला.

"हरले," थोरली म्हणाली. छान खेळलीस हं, असं ती म्हणाली नाही.

धाकटीने हात हातात घेतला. तो थंड पडला होता. दोघींनी निकालाच्या कागदावर सह्या केल्या. पंच कागद घेऊन निघून गेले, बायका पांगल्या. मोहरी डब्यात भरायला दोघीच उरल्या.

"ताई, एक विचारू?" धाकटी म्हणाली. "वजीर हातात राहिला, तो सवयीने राहिला ना?"

थोरलीने एक घोडा डब्यात ठेवला, मग दुसरा ठेवला.

"धरला तो सवयीने," ती म्हणाली. "पण तू शोधायला लागलीस तेव्हा मला कळलं होतं. मूठ उघडायची होती. नाही उघडली मी."

धाकटीला राग आला. चांगला सणसणीत राग आला, डबा तिथेच आपटावा असा. पण त्या रागाच्या मागोमाग दुसरंही काही वर येत होतं आणि तिला ते आवरेना.

"का नाही उघडली?"

"का म्हणजे? तू जिंकत होतीस." थोरलीने पहिल्यांदा वर पाहिलं. तिचे डोळे भरले होते. "घाबरले होते गं मी तुला."

एवढ्या वर्षांत तिला थोरलीकडून जे ऐकायचं होतं, ते तिने आता ऐकलं होतं, आणि ते शाबासकीपेक्षा कितीतरी मोठं होतं. तिने डब्याचं झाकण लावलं आणि डबा थोरलीच्या हातात दिला.

दारात सासूबाई वाट बघत उभ्या होत्या. "झालं ना? शेवटी जागा घरातच राहिली," त्या खुशीत म्हणाल्या.

"नाही, आई," थोरली म्हणाली. "जागा हिची आहे."

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि शहाणपणाने चपला घालायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरलीने नेहमीच्या जागी पट मांडला. धाकटी कामावरून आली, हातपाय धुऊन समोर बसली, तर पांढरी मोहरी तिच्या बाजूला लावलेली होती. तिने क्षणभर पाहिलं. मग पट धरून सावकाश पुन्हा फिरवला, काळी आपल्याकडे येईपर्यंत.

"पांढरी तुम्हीच घ्या, ताई," ती म्हणाली. "फक्त दोन्ही हात टेबलावर ठेवा."